देवी बोलत नाही

अजिंठा चौफुलीच्या अलीकडे खड्डा आहे हे जळगावात कुणाला सांगावं लागत नाही. मी रोज तो चुकवून ऑफिसला जातो. त्या दिवशी पुढे केळीचा ट्रक होता, त्याच्यामागून मला काही दिसलं नाही आणि स्कूटरचं पुढचं चाक धाडकन आत गेलं. पडलो वगैरे नाही. झालं एवढंच, की डोक्यावरचं हेल्मेट पुढे घसरलं, त्याच्या वजनानं मान खाली ओढली गेली आणि हनुवटी छातीला टेकली. मी टेकवली नव्हती, ती टेकली. मागच्यांनी हॉर्न वाजवून डोकं उठवलं तरी मी एक पाय जमिनीला लावून, मान खाली घालून तसाच उभा. मानेच्या मागे, जिथं केस संपतात तिथं, एक ताण आला होता. तो ओळखीचा आहे हे कळलं. महिन्यापूर्वी भोवाड्याच्या सकाळी देवीचा मुखवटा डोक्यावर असताना मान गेली होती ती अशीच. हुबेहूब अशीच. आणि महिनाभर मी समजत होतो की ती मान माझी नव्हती.

हे नीट सांगायला हवं, नाहीतर वाटेल या माणसाला ऊन लागलं. आमचं गाव पिंपळनेरच्या पुढे, डोंगराच्या अंगाला. तिथं वैशाखात भोवाडा होतो. रात्रभर एकेक देव, एकेक राक्षस लाकडी मुखवटा चढवून संबळावर नाचत येतो आणि सगळ्यांच्या शेवटी, सूर्य उगवताना, देवी येते. देवीचं सोंग आमच्या घराण्याकडे. आधी माझे काका, तोताराम आबा, नाचवायचे. त्यांचे गुडघे गेले तेव्हापासून मी. एरवी मी पाटबंधारे खात्यात आरेखक आहे, कालव्यांच्या रेघा ओढतो, साहेबांच्या शिव्या खातो. पण वैशाख जवळ आला की आठवडाभर एकभुक्त, जमिनीवर झोपणं, शेवटच्या दिवशी मौन. नूतन, माझी बायको, शाळेत विज्ञान शिकवते. ती म्हणते, "तुमचं ते सुरू झालं का?" मी म्हणतो, "झालं." इतकंच बोलणं होतं त्या विषयावर आमच्यात. आबांनी मला पाऊल शिकवलं, गिरकी शिकवली, तलवार कशी धरायची ते शिकवलं, पण हे सगळं शिकवताना ते वैतागलेले असायचे, कारण त्यांच्या लेखी यातलं काहीच खरं शिकवणं नव्हतं. "नाचानं नही रे, प्रेमराज," ते म्हणायचे. "जागा खाली करानी. तू निंघी गया, की मंग ती येई." म्हणजे नाचायचं नाहीच. आपण आपली जागा रिकामी करायची. आपण निघून गेलो की ती येते.

मी कधी निघून गेलो नाही. हे मी कुणाला सांगितलेलं नव्हतं, आबांनाही नाही. मुखवटा उंबराच्या लाकडाचा, अंगावर रंगाचे थर, वजनाला असा की पहिल्यांदा चढवला तेव्हा वाटलं डोक्यावर उखळ ठेवलं. आत अंधार. तेलाचा आणि जुन्या घामाचा वास. डोळ्यांच्या फटीतून पायापुढची दोन वीत जमीन तेवढी दिसते. आणि त्या अंधारात मी, दरवर्षी मीच. नाकाला खाज येतेय. टाचेत काहीतरी बोचलं. संबळवाला जरा पळतोय आज. साहेबांनी रजेच्या अर्जावर सही केली की नाही. बाहेर बाया रडतायत, म्हातारे धुळीत लोटांगण घालतायत, लेकरं पायाशी आणून ठेवतायत, आणि आत हा मेला कारकून ठाण मांडून बसलेला. बरं, नाच वाईट होत होता असंही नाही. नाच चांगला होत होता, वर्षागणिक आणखी चांगला. तेच तर दुखणं. पाऊल कुठं दाबलं की घुंगरं एकदम उठतात, कुठं थांबलं की समोरच्यांचा श्वास अडकतो, हे मला कळायला लागलं होतं. आणि हे कळणारा कोण, तर पुन्हा मीच. जितका नाच चांगला तितका मी जास्त. लोक म्हणायचे, प्रेमराजच्या अंगात देवी खरीच येते. मी हात जोडायचो. काय करणार? देवळापुढं उभं राहून सांगणार का, की नाही हो, अजून आली नाही, वाट बघतोय?

मुखवटा डोक्यावर बसण्यासाठी खाली चुंबळ लागते, पाण्याच्या हंड्याखाली बायका ठेवतात तशीच, फक्त मोठी. ती दरवर्षी नवी वळायची आणि घरातल्याच एखाद्या सुनेच्या नेसत्या साडीची वळायची, असा आमच्याकडे रिवाज आहे. आजवर सुती साड्या असायच्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या. यंदा हेमांगीनं तिची साडी दिली. हेमांगी म्हणजे आबांच्या मुलाची, हितेंद्रची बायको. तिची ऋतिका अकरावीला आहे. लहानपणी ताप येऊन सांधे सुजले होते, तो ताप जाता जाता काळजाची झडप खराब करून गेला, हे मोठेपणी कळलं. जिना चढली की धाप. धुळ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, ऑपरेशन करायचं, नाशिकला, आणि पाऊस लागायच्या आत. तारीख मिळाली होती. पण हेमांगीचा सख्खा भाऊ असाच कसल्याशा ऑपरेशनला आत नेला होता तो पांढऱ्या कपड्यात गुंडाळून बाहेर आणला, तेव्हापासून दवाखान्याचा वास आला तरी तिचे हात गार पडतात. तिनं नवस केला आणि चुंबळीला आपली सगळ्यात चांगली साडी दिली, लग्नातली, जरीकाठाची, सुळसुळीत. जुनी कशी देऊ, म्हणाली, मागणं मोठं आहे. आबांनी ती वळली. मी बघत होतो. मौनात होतो, नाहीतर बोललो असतो की आबा, हे कापड धरणार नाही.

खरंच बोललो असतो का, कोण जाणे. सकाळ झाली. महिषासुर आडवा पाडला आणि रिवाजाप्रमाणे देवळापुढं उगवतीकडे पाठ करून उभा राहिलो. या वेळी लोक देवीला येऊन आपापलं सांगतात. देवी ऐकून घेते. देवी बोलत नाही, हा भोवाड्याचा पहिला नियम; तिनं उत्तर द्यावं अशी अपेक्षाही कुणी करत नाही. फार मागं कधीतरी तिनं मान हलवून कौल दिला होता, असं म्हातारी माणसं सांगतात, तेवढंच. हेमांगी आली. फटीतून मला तिच्या पायातली जोडवी दिसली आणि शेजारी ऋतिकाचे अनवाणी पाय. हेमांगी म्हणाली, "माय, पोरगी तुझ्या अंगाऱ्यावर बरी होईल का? तिची छाती फाडावी लागणार नाही ना?" संबळ थांबलेलं होतं. आणि माझी मान खाली गेली. सावकाश, जड, पुरती खाली, आणि पुन्हा वर आली. मी काही केलं नव्हतं. देवाशपथ, मी काहीच केलं नव्हतं. त्या क्षणी नाकाची खाज नव्हती, टाच नव्हती, कारकून नव्हता. आजूबाजूला एकदम रडणं उठलं आणि मला वाटलं, आली. इतक्या वर्षांनी आली. मुखवटा उतरवल्यावर आबांनी माझ्या तोंडाकडे बघितलं, म्हणाले, "उनी व्हती ना?" हो, आली होती. त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून मी रडलो. पन्नाशीला आलेला माणूस, पण हमसून हमसून रडलो.

त्यानंतरचा महिना माझ्या आयुष्यातला सगळ्यात सुखाचा. हे कबूल करायला जिवावर येतं, पण होता. ऑफिसात रेघ ओढायला घेतली की ती आपण होऊन सरळ जायची. साहेब ओरडले तर ते दुसऱ्या कुणाला तरी ओरडतायत असं वाटायचं. सकाळी चहा पिताना उगाच डोळे भरून यायचे. आणि याच महिन्यात हेमांगीचा फोन आला, की भाऊजी, ऑपरेशनची तारीख रद्द केली, तिनंच सांगितल्यावर आता कशाला. मी म्हणालो, "हं." नूतन शेजारी भाजी निवडत होती. फोन ठेवल्यावर ती म्हणाली, "काय हं? काय हं ते? तुम्ही सांगा ना त्यांना की तुम्ही होता आत."

"मी नव्हतो," मी म्हणालो.

"मग कोण होतं?"

मी उठून फोन चार्जिंगला लावला.  "त्या पोरीची झडप आहे ती, प्रेमराज," ती म्हणाली. एरवी ती मला नावानं हाक मारत नाही. मग ती भाजी घेऊन आत गेली आणि दोन दिवस कामापुरतं बोलली. मला तिचा राग आला होता. मला वाटलं, हिला विज्ञान शिकवता येतं म्हणून हिला सगळंच कळतं असं नाही. मला वाटलं, ऋतिका बरी होईलही. का होऊ नये? देवीनं मान हलवली ती खोटी कशी असेल? मी इतकी वर्षं जागा रिकामी करत आलो ते काय अशा वेळी शंका घ्यायला?

आणि मग तो खड्डा. स्कूटर कडेला लावली, रसवंतीच्या सावलीत हेल्मेट काढलं आणि आत बोट फिरवून बघितलं. जुनं अस्तर फाटलं म्हणून गेल्याच आठवड्यात नूतननं तिच्या एका ओढणीचा तुकडा आत शिवून दिला होता. गुळगुळीत. बोट ठेवलं तरी निसटत होतं. हेल्मेट परत डोक्यावर ठेवून मी जरासा पुढे झुकलो. ते घसरलं, मान गेली. पुन्हा केलं. पुन्हा गेली. रसवंतीवाला बघायला लागला तरी मी करतच होतो, कारण एकदा तरी ती तशी जाऊ नये, एकदा तरी काही वेगळं व्हावं असं वाटत होतं. माझ्या मनात तेव्हा आधी ऋतिका आली नाही. आधी आलं ते हे, की गेलं. आयुष्यात एवढं एकच होतं, तेही गेलं. जरीकाठाची साडी घसरली होती, बाकी काही नाही. ऋतिका नंतर आली. ती आली तेव्हा मात्र मी स्टुलावर बसलो. रसवंतीवाल्यानं न विचारता ग्लास पुढे केला.

रविवारी पहाटेच्या गाडीनं निघालो. धुळ्याला गाडी बदलली, साक्रीला पुन्हा बदलली. बसमध्ये खिडकीशी बसून एकच वाक्य घोळवत होतो. हेमांगी, ती मान माझी होती. नको, माझी तरी कुठं होती? ती मान कुणाचीच नव्हती. नको, हे तर आणखीच वाईट, कुणाचीच नव्हती म्हटलं की ते म्हणतील, मग तिचीच. हेमांगी, चुंबळ घसरली. हे बरं. हे साधं आहे. उघड्या माळावरून गरम वारा आत येत होता आणि मला राहून राहून हसू येत होतं, की इतकी वर्षं मी आत असतो याची लाज वाटायची, आणि आज मी आत होतो हे पटवायला एवढा प्रवास करतोय.

दारात ऋतिकानंच तांब्या आणून दिला. स्वयंपाकघरापासून ओट्यापर्यंतच्या अंतरात ती एकदा थांबली, भिंतीला हात लावला, मग पुढे आली. ओठ जांभळट. "काका, मला आता पुष्कळ बरं वाटतं," ती म्हणाली. "दम कमी लागतो." हे म्हणतानाही तिला मध्ये श्वास घ्यावा लागला. हितेंद्र दोंडाईच्याला मिरची घेऊन गेला होता. आई आणि हेमांगी म्हणतील तसं, असं तो मला फोनवर सांगून मोकळा झाला होता. घरात आबा, धुरपदाकाकू, हेमांगी आणि ऋतिका. मी बसलो आणि एका दमात सांगून टाकलं. मान देवीनं हलवली नाही. चुंबळ घसरली, मुखवटा पुढे आला, त्याच्या वजनानं मान गेली. मला कळत होतं, मी आत होतो. ऑपरेशनची तारीख पुन्हा घ्या.

 चुलीवर डाळ उतू गेली, ती कुणी बघितली नाही. मग धुरपदाकाकू, आबांची बायको, जिनं मला लहानपणी मांडीवर खेळवलं, ती म्हणाली, "तू कोन रे सांगनारा? तू तं तठे व्हताच नही."

"काकू, होतो मी."

"मुखवटा चढना का मानूस ऱ्हास नही. तुले काय म्हाईत तठे काय व्हयनं ते?"

मी आबांकडे बघितलं. मुखवटा चढला की माणूस उरत नाही, हे त्यांनीच शिकवलं होतं सगळ्या गावाला. ते जमिनीकडे बघत होते. मी हेमांगीला म्हणालो, "तुझी साडी सुळसुळीत होती गं. सुती असती तर हललीही नसती." हेमांगी शांतपणे म्हणाली, "भाऊजी, माझ्याच साडीवर ती बसली आणि माझ्याकडे बघूनच मान हलवली. मग कुणाला उत्तर दिलं तिनं?"  जे म्हणून मी पुढे करत होतो ते त्यांच्या बाजूला जाऊन बसत होतं. माझ्या अंगाची लाही झाली. मी म्हणालो, "आबा, मुखवटा काढा. दाखवतोच."

भोवाड्याशिवाय मुखवटा खुंटीवरून उतरवत नाहीत. आजवर कुणी उतरवला नाही.  आबांनी ऋतिकाकडे बघितलं, ती भिंतीला टेकून बसली होती, खांदे वरखाली होत होते. "पोरीसाठे काढस," ते म्हणाले. "मायले काय सांगानं ते मी सांगसू." गुडघ्यांवर हात देत उठले. लाल फडकं सोडलं. चुंबळ मुखवट्याबरोबरच असते पुढच्या वैशाखापर्यंत, तीच होती, जरीकाठ चमकत होता. त्यांनी ती माझ्या डोक्यावर ठेवली, वर मुखवटा, आणि मागून फेटा आवळला.  त्या क्षणी मला कळलं की त्यांनाही नात दवाखान्यात जायला हवी आहे, फक्त ते त्यांना बोलता येत नव्हतं, कारण बोलले तर ते स्वतः जन्मभर नाचले ते काय होतं, हा प्रश्न येणार होता.

आत तोच अंधार. तोच वास. फटीतून शेणानं सारवलेली जमीन, हेमांगीची जोडवी. मी म्हटलं, "बघा आता," आणि दोन पावलं टाकून थांबलो. काही करावं लागलं नाही. साडी सरकली, लाकूड पुढे आलं, मान सावकाश, जड, पुरती खाली गेली. झालं, मला वाटलं, आता दिसलं ना डोळ्यांनी. आणि फटीत धुरपदाकाकूचं कपाळ दिसलं. ती जमिनीवर आडवी झाली होती. "परत हो म्हनी माय," ती रडत म्हणाली. "परत हो म्हनी."

मग माझ्या मनात ते आलं. इतकी वर्षं ते मनात आणण्याचीही छाती झाली नव्हती. मुखवटा माझ्या डोक्यावर होता. मी देवीच्या आत होतो. मी बोलू शकत होतो. साधना, नेम, मौन, सगळं गेलं खड्ड्यात. एवढं एक खोटं सोंग करायचं आणि पोरगी वाचेल. मी श्वास घेतला आणि म्हणालो, "पोरीला दवाखान्यात ने." लाकडात आवाज घुमला, मोठा झाला, माझा मलाच ओळखू आला नाही.  काकूचं रडणं थांबलं. जोडवी जागची हलली नाहीत. मला वाटलं, ऐकलं. बाई ऐकते आहे. मी पुन्हा म्हणालो, "उद्याच ने. मी सांगते आहे."

"भाऊजी," हेमांगी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. आजारी माणसाशी बोलावं तशी ती बोलली. "हा आवाज तुमचा आहे. ती बोलत नाही."

मला रडू फुटलं. आत रडलं तर पुसताही येत नाही, हात लाकडाबाहेर. घाम आणि पाणी एक होऊन हनुवटीवरून खाली ओघळत होतं आणि मला काही सुचत नव्हतं. कुणाला हाक मारू? नूतनला? डॉक्टरला? मी काही केलं तर ते माझं ठरत होतं आणि मी न केलेलं तेवढं तिचं. मागून आबांचा हात फेट्याच्या गाठीवर आला. ते अगदी हळू म्हणाले, "काढू का रे?"

 काढा म्हणून मी नुसती मान हलवली. समोर काकू पुन्हा वाकली, हेमांगीनं हात जोडले, आणि या वेळी ऋतिकाही भिंत सोडून पुढे आली आणि पाया पडायला वाकली. वाकताना तिला धाप लागली, ती मला आतून ऐकू येत होती.